फ्रेडी एकटा गायला, म्हणजे नेमकं काय झालं?

2018 साली आलेल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटात एक प्रसंग आहे. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी बाकीच्या तिघांना सांगतो, की मी स्वतःच्या नावानं अल्बम काढायचा करार केलाय. तिघांचे चेहरे पडतात, शब्दाला शब्द वाढतो आणि बँड फुटतो. मग पश्चात्ताप, माफी आणि थेट लाइव्ह एडचा, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला तो गाजलेला कार्यक्रम. चित्रपट पाहून आलेल्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता: "फ्रेडीनं खरंच मित्रांना सोडलं होतं का?" आजही कुठल्याही बँडच्या गायकानं सोलो अल्बमची घोषणा केली, की लोकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते "फाटलेलं दिसतंय यांचं" हेच.

फ्रेडीच्या बाबतीत फाटलं नव्हतं. त्याचा 'मिस्टर बॅड गाय' हा अल्बम 29 एप्रिल 1985 रोजी बाजारात आला. त्या वर्षी जानेवारीत क्वीननं रिओमध्ये प्रचंड गर्दीसमोर कार्यक्रम केला होता, आणि अल्बम दुकानात पोचला तेव्हा हे चौघं ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या दौऱ्यावर एकत्र गात-वाजवत होते. शिवाय स्वतःचा अल्बम काढणारा फ्रेडी चौघांतला पहिला नव्हताच. ड्रमर रॉजर टेलरनं आपला अल्बम 1981 मध्येच काढला होता आणि गिटारवादक ब्रायन मे यानं 1983 मध्ये तीन गाण्यांची छोटी तबकडी.

मग चांगला चालणारा बँड हाताशी असताना माणूस वेगळा अल्बम का काढतो? त्यात बदलतं काय? हे नीट कळलं, तर फ्रेडीच नव्हे, इतर अनेक गायकांच्या बातम्या वेगळ्या वाचता येतील.

आधी बँड म्हणजे काय

फ्रेडीचा पहिला बँड पाचगणीत उभा राहिला. झांझिबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. तिथं पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात फ्रेडी पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. टेबललँडच्या वाटेवर भाडोत्री घोड्यांकडे बघत उभं राहिलं की मला दर वेळी हेच आठवतं, की जगातला एक थोर आवाज इथं दुसऱ्याच्या मागे उभा राहून साथ देत होता.

बँड हे एकत्र कुटुंबाच्या शेतासारखं असतं. जमीन सामाईक, सातबारावर सगळ्यांची नावं. कुणाला ऊस लावायचा असतो, कुणाला भाजीपाला. बोलाचाली होते, कधी दारं आपटली जातात, पण शेवटी पेरणी होते आणि पीक सगळ्यांच्या घरी येतं. क्वीनमध्ये तर चारही भाऊ चांगले शेतकरी होते. फ्रेडी, ब्रायन, रॉजर आणि बेस वाजवणारा जॉन डीकन हे चौघंही स्वतंत्रपणे गाणी रचायचे, आणि चौघांचीही गाणी गाजली.

आता जागेचं गणित बघा. त्या काळी गाणी निघायची ती मोठ्या काळ्या तबकडीवर, म्हणजे एलपीवर. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची. दोन्ही बाजू मिळून नऊ-दहा गाणी. क्वीनचा 1984 चा 'द वर्क्स' हा अल्बम घ्या. त्यात गाणी 9. पैकी फ्रेडीनं एकट्यानं रचलेली 3 आणि ब्रायनबरोबर मिळून रचलेलं 1. ज्याच्या डोक्यात रोज नवी चाल येते, त्याला दोन वर्षांत एवढीच जागा. 'मिस्टर बॅड गाय'मध्ये 11 गाणी आहेत आणि अकराच्या अकरा फ्रेडीची. त्यांतली काही आधी क्वीनसाठीच घाटत होती, पण तिथं मार्गी लागली नव्हती.

सोलो अल्बमचं सगळ्यात साधं कारण हे आहे. भावानं वेगळी चूल मांडलेली नसते. सामाईक शेतात मावत नव्हतं ते पीक घ्यायला त्यानं शेजारचा एक तुकडा खंडानं घेतलेला असतो.

सोलो म्हणजे एकट्यानं वाजवलेलं नव्हे

इथं बहुतेकांचा घोळ होतो. दोन शब्द एकदाच स्पष्ट करून घेऊ.

स्टुडिओ अल्बम म्हणजे स्टुडिओत बसून मुद्दाम ध्वनिमुद्रित केलेल्या नव्या गाण्यांचा संच. कार्यक्रमात टिपलेली गाणी किंवा जुन्या गाण्यांचं संकलन त्यात धरत नाहीत. आणि सोलो अल्बम म्हणजे जो बँडच्या नावानं न निघता एका कलाकाराच्या नावानं निघतो तो. वाजवायला माणसं असतातच. पण त्यांना मेहनताना देऊन बोलावलेलं असतं. त्यांना सेशन वादक म्हणतात. आपल्याकडे चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणाला येणारे व्हायोलिनवाले, ढोलकीवाले आठवा. आले, वाजवलं, पाकीट घेतलं, पुढच्या स्टुडिओत गेले. चाल कुठं वळवायची यावर त्यांचं मत कुणी विचारत नाही.

'मिस्टर बॅड गाय' म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत झाला. एका उंच इमारतीच्या तळघरातली ही जागा. क्वीनची काही गाजलेली गाणी इथंच तयार झाली होती. निर्माता म्हणून फ्रेडीबरोबर राइनहोल्ड माक होता, तोच जो क्वीनबरोबर काम करायचा. कीबोर्डवर फ्रेड मँडेल होता, जो क्वीनच्या अमेरिका दौऱ्यात आणि 'द वर्क्स'मध्येही वाजवून गेला होता. ड्रम्सवर कुर्ट क्रेस हा जर्मन वादक होता.

म्हणजे तळघर तेच, निर्माता तोच, कीबोर्डवालाही ओळखीचाच. मग बदललं काय? एकच गोष्ट: शेवटचा शब्द कुणाचा, हे. बँडमध्ये "हे मला पटत नाही" म्हणायचा हक्क चौघांना होता. इथं तो फक्त फ्रेडीला. अल्बमच्या वेष्टनावर त्यानं ब्रायन, रॉजर आणि जॉन यांचे खास आभार मानलेत, आणि ते कशासाठी? तर मध्ये न पडल्याबद्दल. अल्बम अर्पण केलाय तो जेरी नावाच्या आपल्या मांजराला, आणि बरोबर टॉम, ऑस्कर, टिफनी या बाकीच्या मांजरांना. मला हे वेष्टन फार लोभस वाटतं. त्या आभारात प्रेम आहे आणि सुटल्याचा निःश्वासही आहे.

त्या मोकळिकीचा पुरावा ऐकायचा असेल तर अल्बमचं शीर्षकगीत ऐका. मागे मोठा वाद्यवृंद आहे आणि त्याला आवरणारं कुणी नाही. तंतुवाद्यं, पितळी वाद्यं एकमेकांवर चढत जातात आणि फ्रेडी मधोमध उभा राहून त्या सगळ्याला आणखी चिथावत राहतो. क्वीनमध्ये हे गाणं असं झालं असतं असं मला वाटत नाही. ब्रायननं गिटारसाठी जागा मागितली असती, आणि रास्तच मागितली असती.

पैशाचा भाग

रॉयल्टी हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे, रेडिओवरच्या वाजण्यामागे मिळणारा वाटा म्हणजे रॉयल्टी. पण एका गाण्यात दोन मालमत्ता असतात हे फारसं कुणी सांगत नाही. एक, रचना: शब्द आणि चाल. दुसरी, ध्वनिमुद्रण: त्या रचनेचं प्रत्यक्ष टिपलेलं रूप. घराचा नकाशा वेगळा आणि बांधलेलं घर वेगळं, तसं. नकाशाचे पैसे ज्यानं काढला त्याला. घराचं भाडं ज्यांचं घर त्यांना.

क्वीनमधलं एक उदाहरण यावर लख्ख उजेड टाकतं. 1975 साली फ्रेडीचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं छोट्या तबकडीवर निघालं. अशा तबकडीच्या मागच्या बाजूवरही एक गाणं असायचं. तिथं रॉजरचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' होतं. तबकडी लाखांनी खपली ती पुढच्या बाजूवरच्या गाण्यासाठी. पण विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखाच वाटा. मागच्या बाजूवर कुणाचं गाणं घालायचं यावर चौघांत खटके उडायचे, ते उगाच नाही.

सोलो अल्बममध्ये ही वाटणीच उरत नाही. रचनेचे पैसे एकाला. करारही वेगळा: क्वीनचा करार ब्रिटनमध्ये ईएमआय कंपनीशी होता, फ्रेडीनं आपला अल्बम सीबीएसला दिला. चित्रपटात हा करार गद्दारीसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो धंद्यातला नेहमीचा व्यवहार होता.

एक गोष्ट इथंच नोंदवतो. 1989 च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून क्वीननं गाण्यांवर एकेकट्याची नावं घालणं थांबवलं. गाणं कुणीही आणलेलं असो, रचनाकार म्हणून 'क्वीन'. चौघांनी बाहेर आपापले तुकडे कसून पाहिल्यावर सामाईक सातबारावर पुन्हा एकत्र सही केली, असं मी त्याकडे बघतो.

"पण बऱ्याच वेळा बँड फुटतोच ना?"

फुटतो. हा आक्षेप खरा आहे. पण सोलो अल्बममुळे फुटतो का, हे पाहायला 1985 सालासारखं दुसरं साल नाही. त्या एका वर्षात चार मोठ्या बँडच्या गायकांचे स्वतःचे अल्बम आले.

रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर: पहिला सोलो अल्बम फेब्रुवारीत, आणि गंमत म्हणजे तोही सीबीएसकडून. बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सला ते लागलं, दोघांत काही वर्षं चांगलीच धुसफूस चालली, पण स्टोन्स टिकले. जेनेसिसचा फिल कॉलिन्स: त्याचा हा तिसरा सोलो, अफाट खपला, तरी गडी पुढच्याच वर्षी जेनेसिसबरोबर नवा अल्बम घेऊन हजर, आणि नंतरही दहा वर्षं बँडमध्ये. द पोलिसचा स्टिंग: जूनमध्ये अल्बम आला आणि त्या बँडचा नवा स्टुडिओ अल्बम पुन्हा कधीच झाला नाही. आणि आपला फ्रेडी: अल्बमनंतर 75 दिवसांनी, 13 जुलै 1985 ला, वेम्बलीच्या मैदानावर तेच तिघं मागे आणि हा पुढे. लाइव्ह एडची ती साधारण वीस मिनिटं आज सगळ्या जगाला पाठ आहेत.

चार सोलो, चार निकाल. पोलिसमध्ये आधीच तणाव होता. जिथं भिंतीला तडा असतो तिथं नवीन खिळा ठोकला की प्लास्टर पडतं. जिथं भिंत घट्ट असते तिथं त्याच खिळ्यावर कॅलेंडर लटकतं.

"एवढा मोठा गायक, मग अल्बम दणक्यात का नाही चालला?"

ब्रिटनमध्ये 'मिस्टर बॅड गाय' खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे पडला नाही. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हे गाणं तिथं अकराव्या क्रमांकापर्यंत पोचलं. पण अमेरिकेत अल्बम 159 च्या वर सरकला नाही. क्वीनच्या मानानं हे फारच कमी.

एक कारण सरळ आहे: फ्रेडीनं एकट्याच्या नावावर दौरा कधीच केला नाही. या अल्बमसाठीही नाही, पुढेही नाही. त्या काळी अल्बम खपायचा तो गावोगाव कार्यक्रम करून.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि या अल्बमवर माझं मनापासून प्रेम असूनही ते सांगायला हवं. काही गाणी इथं कच्ची राहिलीत. सिंथेसायझरचा थर जाड आहे, ताल यंत्रासारखा एकसुरी चालतो, आणि तीन-चार ठिकाणी स्पष्ट जाणवतं की इथं कुणीतरी "फ्रेडी, हे कडवं काढ" म्हणायला हवं होतं. ज्या टोकाटोकीपासून सुटायला माणूस बाहेर पडतो, त्याच टोकाटोकीनं त्याची गाणी आजवर घासली गेलेली असतात. शेवटचा शब्द आपला झाला, की चुकाही संपूर्ण आपल्या होतात.

मात्र 'लिव्हिंग ऑन माय ओन' ऐका. मध्येच फ्रेडी शब्द सोडून देतो आणि नुसत्या अक्षरांवर फिरत घेत सुटतो. तराणा ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अर्थ नाही, फक्त लय आणि गळा. एकटेपणावरचं गाणं आहे, आणि शब्द संपल्यावर त्यात जास्तच एकटेपणा येतो.

एकच आवाज, दोन गाणी

बँड नेमकं काय देतो हे मोजायची संधी सहसा मिळत नाही. फ्रेडीच्या बाबतीत ती मिळाली, आणि फार दुःखद कारणानं. 24 नोव्हेंबर 1991 ला, वयाच्या 45 व्या वर्षी तो गेला. त्यानंतर उरलेल्या तिघांनी त्याच्या राहिलेल्या आवाजावर काम करून 1995 मध्ये 'मेड इन हेवन' हा क्वीनचा अल्बम पुरा केला. त्यात त्यांनी 'मिस्टर बॅड गाय'मधली दोन गाणी घेतली: 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'.

हे शक्य कसं होतं? स्टुडिओत सगळे आवाज टेपच्या एकाच पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, टिपत नाहीत. गाणं, ड्रम्स, बेस, कीबोर्ड, प्रत्येकाची स्वतंत्र पट्टी. स्वयंपाकघरात आमटी, भाजी, भात वेगवेगळ्या पातेल्यांत असतात तसं. मग कुठलं किती वाढायचं हे ठरवून ताट तयार करतात, त्याला मिक्सिंग म्हणतात. पातेली जपून ठेवलेली असली, की वर्षांनी नवं ताट वाढता येतं. तिघांनी फ्रेडीच्या आवाजाचं पातेलं घेतलं आणि बाकी सगळं नव्यानं रांधलं.

1985 चं 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' कीबोर्डवर चालतं. नाचायला लावणारं, हलकं, थोडं चकचकीत. 1995 च्या गाण्यात रॉजरचे ड्रम्स दणकन बसतात, ब्रायनची गिटार आवाजाच्या अंगाला अंग घासत जाते. आवाज तोच आहे, त्याच घेतलेल्या श्वासांसकट. तरी दुसऱ्या गाण्यात फ्रेडी जास्त जोरात गातोय असं वाटतं. मी हेडफोन लावून दोन्ही लागोपाठ कितीदा ऐकलं असेल याला गणती नाही, आणि दर वेळी हा भास होतोच. गळा वाढलेला नसतो. पाठीमागे उभी असलेली माणसं बदललेली असतात.

ब्रिटनमध्ये तो अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

"गेलेल्या माणसाच्या गाण्याला हात लावावा का?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय आणि तो मनापासून विचारलेला असतो. तिथं मी सरसकट उत्तर देत नाही.

1993 मध्ये 'लिव्हिंग ऑन माय ओन'चं नव्या तालावर बेतलेलं रूप आलं. बेल्जियमच्या नो मोअर ब्रदर्स यांनी केलेलं. 1985 मध्ये जे गाणं ब्रिटनच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकावर अडकलं होतं, ते आता पहिल्या क्रमांकावर गेलं. फ्रेडीला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. एकट्याच्या नावावरचं ब्रिटनमधलं त्याचं पहिल्या क्रमांकाचं गाणं हेच, आणि ते त्यानं पाहिलं नाही. नवा ताल मला फारसा आवडत नाही. पण त्यामुळे लाखो लोक त्या तराण्यापर्यंत पोचले, हेही खरं.

2014 मध्ये 'देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस' या गाण्यात फ्रेडीबरोबर मायकेल जॅक्सनचा आवाज ऐकायला मिळाला. दोघांनी ते 1983 मध्ये जॅक्सनच्या घरच्या स्टुडिओत गाऊन पाहिलं होतं आणि अर्धवट सोडलं होतं. इथं तर एकाचा नव्हे, दोघांचाही शब्द घ्यायची सोय नव्हती.

2019 चं काम मला सगळ्यात संयमाचं वाटतं. क्वीनच्या ध्वनितंत्रज्ञांनी मूळ टेपा काढून 'मिस्टर बॅड गाय' पुन्हा मिक्स केला. त्या सिंथेसायझरच्या थराखाली दबलेला आवाज आता मोकळा, जवळ येतो.

म्हणून कुणी विचारलं, तर मी ऐकायचा क्रम असा सांगतो. आधी 1985 चा मूळ अल्बम, कीबोर्डच्या चकचकाटासकट, कारण फ्रेडीनं "झालं" म्हटलं ते याला. मग 1995 ची क्वीनची दोन गाणी. आणि मग 2019 च्या अल्बममधलं सगळ्यात शेवटचं, 'लव्ह मी लाइक देअर्स नो टुमॉरो'. रात्री, घर निजल्यावर, हेडफोन लावून. तिथं ना वाद्यवृंद आहे, ना गिटार अंगावर येते. पाचगणीत दुसऱ्या गायकामागे पियानो वाजवणारा तो मुलगा आता पुढे उभा राहून गातोय, आणि ओळ सुरू होण्याआधी त्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो.